टोकाला थांबायचं

आमच्या कारखान्यातल्या वेल्डिंगच्या रोबोला सगळे जावईबापू म्हणायचे. नाव मामांनी ठेवलेलं. "बघा की," ते म्हणायचे, "स्वतः वाकून काडी उचलायचे नाहीत. सगळं नीट मांडून पुढ्यात ठेवायचं. एखादी नळी दोन मिलिमीटर सरकली की रुसले, जागच्या जागी उभे. मग चौघांनी हातातलं काम टाकून समजूत काढायची. जावई नाहीत तर कोण?" आणि रोबोला शिकवणारी मी, म्हणून ओघानेच मी विहीणबाई. सकाळी आत पाऊल टाकलं की वेल्डिंगच्या पडद्याआडून मामांचा आवाज यायचा, "या विहीणबाई! चिरंजीव कालपासून तोंड फुगवून बसलेत. काय शिकवलंत हो घरी?"

हे आठवलं की हसू येतं, आणि ते ओठांपर्यंत पोचायच्या आत विरून जातं.

मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, कारखान्याचे मामा होते. अठ्ठावीस वर्षं ते हॉस्पिटलच्या खाटांच्या चौकटी वेल्ड करत होते. एका चौकटीत नळ्यांचे बारा सांधे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. किंचित वाकलेले, मनगटांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके, आणि हात असा स्थिर की काठोकाठ भरलेला चहा घेऊन जिना चढायचे आणि बशीत थेंब सांडायचा नाही.

रोबो आला तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते. परत कामावर आले तेव्हा लेक सात महिन्यांची झाली होती आणि रोबो जाळीच्या कुंपणाच्या आत बोल्ट ठोकून उभा होता. तोवर साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, मामांशी एक ठरवलं होतं. वेल्डिंग यापुढे रोबो करणार, पण मामांच्या हाताबरहुकूम. मामांनी हात फिरवून दाखवायचा, मी तो जसाच्या तसा प्रोग्राममध्ये उतरवायचा. मग मामांनी शेजारी उभं राहून प्रत्येक चौकट डोळ्यांखालून घालायची आणि पसंत पडली की पिवळ्या पेनने खूण करायची. खूण नाही, तर चौकट रंगाला जाणार नाही. प्रोग्रामला नावही साहेबांनीच दिलं, 'मामा एक'.

मला वाटलं होतं, माणसाच्या हातातलं काम काढून घेतोय आपण, तेव्हा त्यांच्या मनात कडवटपणा असणारच. पण मामा हरखूनच गेले होते. "काल घरी हिला सांगितलं, मी रिटायर झालो तरी माझा हात तिथंच राहणार. तर म्हणते, मग इथं भाजी कोण चिरणार?"

शिकवायला तीन आठवडे लागले. कुंपणाच्या आत एका बाजूला मी पेंडंट घेऊन उभी. पेंडंट म्हणजे रोबो चालवायचा, पाटीएवढा जाडजूड रिमोट. दुसऱ्या बाजूला मामा वेल्डिंगची न पेटवलेली टॉर्च सांध्यावरून हळूहळू नेत असायचे. ते जिथे वळतील, जिथे मनगट कलतं करतील, तिथे मी रोबोचा हात आणायचे आणि ती जागा नोंदवायचे. एका सांध्याला सात-आठ जागा. मधेच रंगात येऊन ते रोबोलाच दटावायचे, "अहो जावईबापू, कोपर खाली!" आणि स्वतःचंच कोपर खाली घ्यायचे.

वेल्डच्या प्रत्येक रेघेच्या शेवटी ते एक करायचे. टोकाला पोचल्यावर टॉर्च लगेच उचलायचे नाहीत. दोन मिलिमीटर मागे यायचे आणि थांबायचे. अगदी जरासं. मग उचलायचे.

पुस्तकातून मला हे ठाऊक होतं. टोकाला वितळलेल्या धातूत खळगा पडतो, तो भरू द्यावा लागतो. रोबोत त्यासाठी वेगळा वेळ घालायची सोयच असते. तरी मी विचारलं, "मामा, थांबायचं किती पण? मला आकडा लागतो."

"आकडा कसला? मनात म्हणायचं, झालं. नि मग उचलायचं."

"आता 'झालं' म्हणायला कुणाला किती वेळ लागतो, मी कुठे मोजत बसू?"

ते हसले. मास्क कपाळावर सरकवून म्हणाले, "लेकीला कोण झोपवतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाकडे झोपते तर ना."

"थोपटता थोपटता डोळा लागला की लगेच हात उचलतेस?"

"छे हो! लगेच उचलला की टक्क जागी. हात तसाच ठेवायचा थोडा वेळ."

"किती वेळ?"

मी पेंडंटवर तळहात ठेवून पाहिला, लेकीच्या पाठीवर ठेवते तसा.

"हां. तेवढाच," मामा म्हणाले. "लोखंडाचाही नुकताच डोळा लागलेला असतो. घाईने हात काढलास की आत तडा जातो. वरून कळत नाही बरं का. वरून कसं छान झोपलेलं. मग कधीतरी ओझं पडलं की उठून बसतं."

शेवटी मी मोबाइलवर त्यांच्या हाताचं चित्रण केलं आणि घरी लेक खेळत असताना एकेक चित्र पुढे सरकवत वेळ मोजला. सेकंदाचे सहा दशांश. कुठे पॉइंट अठ्ठावन्न, कुठे पॉइंट एकसष्ट, पण बाराही सांध्यांवर पॉइंट सहाच म्हणायचं. न मोजता, अठ्ठावीस वर्षं! दुसऱ्या दिवशी सांगितलं तर मामांनी पुन्हा एकदा आकडा विचारून घेतला. मग म्हणाले, "कागदावर लिहून दे. हिला दाखवतो." मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत ०.६ लिहून दिलं. त्यांनी त्याची घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली.

ज्यांच्यासाठी आम्ही चौकटी करायचो, त्या ग्राहकाची माणसं एका शुक्रवारी सकाळी रोबो बघायला येणार होती. करारात अट होती, एक चौकट नव्वद सेकंदांच्या आत. गुरुवारी दुपारी चार वाजता आमचे चौऱ्याण्णव होत होते.

"चार सेकंद काढ कुठूनही," साहेब म्हणाले. "कुठून काढलेस ते मला सांगूसुद्धा नकोस."

मी आधी सरळ वाटेनेच गेले. एका सांध्यावरून दुसऱ्यावर जाताना रोबोचा हात हवेतून फिरतो, ते फिरणं जलद केलं. एक सेकंद मिळाला. आणखी जलद केलं तर टॉर्चच्या केबलला हिसके बसायला लागले. सांध्यांचा क्रम बदलून पाहिला, उलट वेळ वाढला. पावणेपाच झाले. माझी बस पाच दहाची. ती चुकली की पुढची सहाला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. त्या कधी तक्रार करत नाहीत, तेव्हाही केली नाही. "निघालीस का गं?" एवढंच विचारलं. पण मागे लेक रडत होती. हट्टाचं रडणं नव्हतं ते. दमलेलं, घशात अडकत येणारं. त्या दिवसांत ती बाटली तोंडाला लावू द्यायची नाही, चमच्याने भरवलं तर थुंकायची. तिचा आवाज कानात शिरला आणि मला पान्हा फुटला. एप्रनच्या आत सगळं ओलंचिंब. भोवती ग्राइंडरची किरकिर, जळक्या धातूचा वास, आणि मी पेंडंट छातीशी धरून उभी, कुणाला दिसू नये म्हणून.

मग ते सुचलं. बारा सांधे. प्रत्येकाच्या टोकाला पॉइंट सहा. त्याचे पॉइंट तीन केले तर बार त्रिक छत्तीस, म्हणजे साडेतीन सेकंदांच्या वर.

उद्यापुरतं, मी स्वतःला म्हणाले. पाहुणे गेले की परत सहा.

बारा ठिकाणी तीन-तीनदा खालचा बाण दाबला. रोबो चालवला. एकोणनव्वद पॉइंट चार.

मामा हात धुवायला गेले होते. ते नॅपकिनला हात पुसत आले, ताजी चौकट तिवईवर घेतली, दिव्याखाली फिरवली. रेघा सुरेख आल्या होत्या, दृष्ट लागण्यासारख्या. त्यांनी पिवळ्या पेनचं टोपण काढलं आणि थबकले.

"लवकर झालं हे," ते म्हणाले. "काही बदललंस?"

सांगायला हवं होतं. फार लांबलचक वाक्य नव्हतं. पण सांगितलं असतं तर मामा अडून बसले असते, साहेबांना बोलावलं असतं, वादावादीत अर्धा तास गेला असता. आणि पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

"नाही मामा. हवेतलं फिरणं तेवढं जलद केलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पळ, बस जाईल. पोर वाट बघत असेल." आणि खूण केली.

शुक्रवारी पाहुण्यांनी घड्याळ लावून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मामांना पुढे बोलावून सगळ्यांशी हात मिळवायला लावला. "हात यांचा आहे," ते पाहुण्यांना म्हणाले. मामा लाजून हसत होते. मी पेंडंटकडे वळले तर साहेब म्हणाले, "आता बोट लावू नकोस. चालतंय ते चालू दे. माल आजपासूनच द्यायचाय." म्हटलं, ठीक, जेवणाच्या सुटीनंतर करू. जेवणाच्या सुटीत घरून फोन आला, लेकीला ताप भरलाय.

ताप एक उतरायचा नि दुसरा चढायचा. नऊ दिवस मी घरी होते. पहिल्या रविवारी दुपारी तिला थोपटून निजवलं, हात तसाच पाठीवर ठेवला, आणि एकदम आठवलं. बारा सांधे अजून तीनवरच होते. मी उठून फोन घेतला. मामांचा नंबर समोर काढून बसले. पण सांगायचं काय? आकडा तेवढा बदला म्हणावं, तर आधी हे सांगायला हवं की गुरुवारी तुम्ही विचारलंत तेव्हा मी तोंडावर खोटं बोलले. उद्या जाऊन गुपचूप नीट करू, असं ठरवलं. उद्या लेकीला एकशेतीन ताप होता, आणि मला रोबोचं नावही आठवलं नाही. परवापासून मात्र आठवत होतं, रोज. रोज मी फोन घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

कामावर परतले त्या दिवशी जेवणाच्या सुटीत, शेड रिकामी असताना, बाराही ठिकाणी परत सहा केले. वेळ पुन्हा नव्वदच्या वर गेला. मग दोन दिवस खपून ते सेकंद दुसरीकडून काढले. रोबो प्रत्येक चौकटीनंतर टॉर्चचं तोंड साफ करायला जायचा, तो दर पाचव्या चौकटीनंतर जाईल असं केलं. म्हणजे काढता येत होते. कुठेही काही न बिघडवता येत होते. फक्त पाच दहाच्या बसच्या आधी येत नव्हते.

मधल्या दिवसांत दीड हजारांवर चौकटी गेल्या होत्या. प्रत्येकीवर पिवळी खूण.

तीन आठवड्यांनी तक्रार आली. ग्राहकाकडे खाटांवर वजन ठेवून चाचणी घेतात, तिथे काही चौकटींना तडे गेले. नशीब, कुणी माणूस त्यावर झोपायच्या आधीच. सगळे तडे रेघांच्या टोकाला. साहेबांनी मामांना आणि मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कापून आणलेला एक सांधा ठेवला होता.

"मामा, हात तुमचा, खूण तुमची," साहेब म्हणाले. "आता मी काय समजायचं?"

मामांनी तुकडा उचलला. चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. टोकावरून अंगठा फिरवला. "खळगा भरलेलाच नाही," ते हळूच म्हणाले. "नि हे मला दिसलं नाही?"

साहेब माझ्याकडे वळले. "प्रोग्राममध्ये टोकाला वेळ किती आहे?"

"पॉइंट सहा," मी म्हणाले. "सकाळीच पाहिलं."

खरं होतं, अक्षरन् अक्षर खरं. तेव्हा किती होता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मोठ्या रजेवरून येऊन मला तीन महिनेही झाले नव्हते, त्यातले नऊ दिवस पुन्हा घरी. लेकुरवाळ्या बायकांना लाइनवर घेऊच नये, हे कँटीनमध्ये माझ्या पाठीमागे बोललेलं मी पुढच्याच बाकावर बसून ऐकलं होतं. ही सगळी कारणं खरी आहेत. ती त्या खोलीत माझ्या जिभेवर बसली होती, आणि समोर मामा उभे होते.

"सहा असूनही भरलं नाही," मामा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "म्हणजे सहाच कमी. माझंच माप कमी. पण मग आधीच्या कधी फुटल्या नाहीत..."

"आधी असं वजन ठेवून कोण बघत होतं?" साहेब म्हणाले.

मामांनी तुकडा टेबलावर ठेवला. ठेवताना तो टेबलावर वाजला. त्यांच्या हातून काही वाजलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

साहेब काही दुष्ट नव्हते. म्हणाले, डोळे तपासून घ्या, तोवर पॅकिंगला बसा. मामांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

ती रात्र मी कशी काढली ते राहू दे. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले आणि रोबोच्या नोंदी छापून काढल्या. यंत्र विसरत नाही. गुरुवार, चार बावन्न, सहाचे तीन. एकाखाली एक बारा ओळी. तो कागद घेऊन पडद्याआड गेले तर मामांचा मास्क खुंटीवर नव्हता. आदल्या संध्याकाळीच राजीनामा देऊन ते गेले होते.

मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून खणात टाकला. "ग्राहकाला कालच पत्र गेलंय. तपासणाऱ्याची नजर कमी झाली होती, माणूस बदलला. आता दुसरं पत्र पाठवू, की आमची प्रोग्रामर आकडे बदलते आणि सांगत नाही? नि चार सेकंद काढ असं मी म्हणालो होतो, तेही लिहू?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बाळाकडे बघ. झालं गेलं. गप्प राहा."

आणि मी गप्प राहिले. एक महिना.

त्या महिन्यात लेक रांगायला लागली. रोज दुपारी सासूबाई तिला निजवायच्या. एव्हाना त्यांच्याकडे झोपायला लागली होती. रविवारी मात्र मीच. पाठीवर हात ठेवला की मला पुढचं सुचायचं नाही. ती केव्हाच गाढ झोपलेली असायची आणि मी हात उचलत नसायचे. नवरा एकदा म्हणाला, "अगं, झोपली ती. सोड आता." मी त्याला सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग?"

पुढच्या रविवारी लेकीला कडेवर घेऊन मामांकडे गेले. तिसरा मजला. दारासमोरच्या गॅलरीत कुंड्यांचे लोखंडी स्टँड, मामांनीच केलेले. रेघ न् रेघ टोकापर्यंत भरलेली. दार मामींनी उघडलं. "ये गं. हीच का ती? बाई बाई, डोळे बघा कसे!" लेकीला माझ्याकडून घेता घेता आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. महिना झाला, भाजी चिरायला बसतात नि सुरी खाली ठेवून हातच बघत बसतात."

आत भिंतीतल्या कपाटाच्या काचेला आतून एक कागद लावलेला होता. वहीचं पान, चार घड्या पडलेलं. ०.६.

मामा खुर्चीवरून उठले. "या विहीणबाई," म्हणाले खरे, पण पुढचा टोमणा आला नाही. मग आपणहूनच सांगायला लागले, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डोळे ठणठणीत. नंबरसुद्धा तोच." त्यांनी उजवा पंजा पुढे धरला. "डोळा गेला असता तर बरं होतं गं. डोळा म्हातारा होतो, त्यात लाज कसली? पण हातच चुकीचा निघाला, तर मागचं सगळंच गेलं की. किती खाटा, नि किती आजारी माणसं त्यावर झोपली असतील."

मी कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. दुसरी प्रत छापून नेली होती. तोंडाने सांगायची तयारी करून गेले होते, पण शब्द नीट आले नाहीत, मागेपुढे झाले. मामा बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. बाराव्या ओळीवर बोट थांबलं.

"तीन?"

"तीन."

"बाराच्या बारा?"

"हो."

त्यांचे खांदे खाली आले. "म्हणजे सहा बरोबर होतं."

"बरोबर होतं मामा. आता सहाच आहे. त्यानंतरची एकही फुटलेली नाही."

"अगं ऐकलंस का?" ते आत पाहून ओरडले. "सहा बरोबर होतं! माझं माप बरोबर होतं!"

मामी लेकीला घेऊन दारात आल्या. त्या हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मामांनी त्यांचा चेहरा पाहिला, मग माझा, आणि तेव्हा त्यांना उरलेलं समजलं.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

"काही बदललंस का, म्हणून."

"हो मामा."

"मला खटकलं होतं. ती चौकट मी उलटी करणार होतो, टोकं घासून बघणार होतो. मग तू नाही म्हणालीस." त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. "खूण मी चौकटीकडे बघून नाही केली गं. तुझ्याकडे बघून केली. त्यानंतरच्या सगळ्यासुद्धा."

रागावले असते तर मी काहीतरी बोलू शकले असते.

लेक मामींच्या खांद्यावर पेंगायला लागली होती. "टाका तिला इथे," मामा म्हणाले आणि पलंगावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं. मामींनी तिला ठेवलं तशी ती चुळबुळली, ओठ काढले. मामा जवळ होते. त्यांनी सहज हात तिच्या पाठीवर ठेवला, दोनदा थोपटलं. तिचे डोळे मिटले. हात तसाच राहिला. मग अलगद उचलला. ती हलली नाही. मामा आपल्या हाताकडे बघत उभे राहिले, जणू तो परगावाहून आत्ताच घरी आला होता.

"परत या मामा," मी म्हणाले. "साहेबांशी मी बोलते. ग्राहकाला मी पत्र लिहिते, सगळं खरं."

"पत्र लिही. ते तुझं आहे, तू लिही. मी नाही यायचा आता." मग त्यांनी विचारलं, "प्रोग्रामला नाव तेच आहे अजून?"

"हो. मामा एक."

"ते काढ."

"पण मामा, त्यात हात तुमचाच आहे. आता पूर्ण सहा..."

"हात राहू दे. त्याने खाटा चांगल्या होतात. नाव काढ. माझ्या नावाखाली उद्या कुणी काही बदललं, तर मला इथं बसून कळणार आहे का?"

मी निघाले तेव्हा त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "चिठ्ठी मात्र राहू दे माझ्याकडे."

सोमवारी चहाच्या सुटीत मी सगळ्यांसमोर सांगितलं. मामांच्या हाताखाली पंधरा वर्षं काढलेला फिटर कप खाली ठेवून म्हणाला, "आता सांगतेस होय?" आणि उठून गेला. पत्रही पाठवलं, नोंदींचा कागद जोडून. साहेबांनी मला महिनाभर कागदपत्रांवर बसवलं, मग रोबो अडला तेव्हा परत बोलावलं.

पण त्याआधी, त्याच सोमवारी, एक काम उरकलं होतं. पेंडंटवर प्रोग्रामच्या नावापाशी गेले. एकेक अक्षर मागून पुसत गेले. यंत्राने विचारलं, नवीन नाव? मी चौकटीचा नंबर घातला.

आता त्याला जावईबापू कुणी म्हणत नाही. नुसता रोबो. नळी सरकली की तो अजूनही थांबतो, आणि ज्याला जमेल तो जाऊन मुकाट्याने नीट करतो. प्रत्येक रेघेच्या टोकाला तो दोन मिलिमीटर मागे येतो आणि थांबतो. मी जवळपास असले की माझेही हात थांबतात. तो टॉर्च उचलतो, मग मी पुढच्या कामाला लागते.